उसाला उताऱ्यावर दर, मग कापसाला का नाही? सूतगिरण्यांच्या संचालकांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील सहकारी सूतगिरण्यांचे अध्यक्ष आणि संचालक मंडळी,

स. न. वि. वि.

तुमच्यातले बरेचजण मला तोंडानं ओळखतात, नावानं नाही. हातकणंगले तालुक्यातल्या एका गिरणीत मी ३१ वर्षं कापूस सिलेक्टर होतो, म्हणजे गिरणीसाठी गाठी तपासून निवडणारा माणूस. दसरा झाला की माझी बॅग भरलेली असायची. परभणी, सेलू, मानवत, जालना, तिथून पुढं यवतमाळ, अकोट. लॉजवर झोपायचं आणि सकाळी सातला जिनिंगच्या, म्हणजे कापसातनं सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात उभं राहायचं. गाठीच्या पोटातून मूठभर रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, उपसायची, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, परत एकावर एक ठेवून ओढायची, आणि तंतू सरळ झाले की तळहातावर ठेवून लांबी बघायची. नंतर तपासणीची मशिनं आली, आकडे छापून मिळायला लागले. तरी माझा हात आधी गाठीकडं जायचा. अजूनही जातो. परवा नातीच्या उशीतला कापूस ओढून बघितला आणि सूनबाईंची बोलणी खाल्ली.

आता निवृत्त आहे. दोन एकर ऊस आहे, गोठ्यात दोन म्हशी आहेत, पेपर वाचायला वेळ आहे. त्या वेळात तुमची निवेदनं वाचतो. मंत्री बदलतात, निवेदन तेच राहतं. विजेची सवलत वाढवा, कर्जाच्या व्याजाचा भार उचला, कापसावरचं आयात शुल्क काढा. पहिल्या दोन मागण्यांवर माझं काही म्हणणं नाही. सूत कातणारी चाती फिरवायची तर वीज लागते आणि आपली वीज महाग आहे, हे कुणी नाकारत नाही. तिसऱ्या मागणीवर मात्र बोलायचं आहे, कारण ती वाचताना मला दर वेळी सेलूच्या यार्डातली माणसं आठवतात.

शुल्काची गोष्ट आधी उरकतो. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर शुल्क बसलं, सगळं मिळून ११ टक्के. पुढच्या हंगामात भाव चढले, तुम्ही-आम्ही ओरडलो, आणि १४ एप्रिल २०२२ पासून शुल्क माफ झालं. आठवतंय पुढं काय झालं? मे महिन्यात खंडी (रुई मोजायचं माप) एक लाख रुपयांच्या वर गेली. शुल्क गेलं तरी भाव चढलाच, कारण बाहेरच्या बाजारातही कापूस तितकाच पेटला होता. मग जगाचा भाव कोसळला तसा आपलाही कोसळला, आणि ज्या गिरण्यांनी चढ्या भावानं गाठी घेऊन ठेवल्या होत्या त्यांचं काय झालं ते ताळेबंदात आहे. मी सांगायला नको.

ऑगस्ट २०२५ मध्ये तेच पुन्हा. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कापड निर्यातीला धक्का बसला, आणि केंद्रानं १९ ऑगस्टपासून कापसाची आयात शुल्कमुक्त केली. आधी सप्टेंबरअखेर, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका पहिल्या वेचणीचा काळ. बाहेरचा कापूस बंदरात उतरत होता तेव्हा मराठवाड्यात शेतात पाणी साचून बोंडं सडत होती. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर होता, आणि यार्डात व्यापारी त्याच्या हजारभर खालून बोली लावत होता. हमीभावानं खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर जायचं तर आधी ॲपवर नोंदणी, सातबाऱ्यावर पीकपेरा, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत. त्या वर्षीच्या पावसानंतर दिवाळीला १२ च्या आत कापूस कुणाच्या घरात होता?

तुम्ही म्हणाल, आम्हाला स्वस्त कापूस नको का? हवा. सुताच्या खर्चात साठ-पासष्ट टक्के कापूसच असतो, तो महागला की गिरणीचं गणित संपतं. पण स्वस्त कापूस आणि किफायतशीर कापूस यांत फरक आहे. तो फरक कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावा लागू नये, कारण आपण जन्मभर उसाचा उतारा मोजत आलोय.

उसाचं बघा. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच तो किमान दर, टनाला ३,५५० रुपये, ती सव्वादहा टक्के उताऱ्याला. त्याच्या वर ०.१ टक्का उतारा वाढला की टनाला ३४ रुपये ६० पैसे जादा. एक टक्का वाढला तर ३४६. उतारा म्हणजे उसातनं साखर किती निघाली, आणि दर साखरेवर. हे कायद्यात बसवायला किती ऊस परिषदा झाल्या, किती वेळा रस्ते अडले, हे जयसिंगपुरात कुणालाही विचारा.

कापसालाही उतारा असतो. एक क्विंटल कापूस जिनिंगमधनं काढला की ३३-३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. कुठल्या वाणाची ३२ निघते, कुठल्याची ३७-३८. ऑस्ट्रेलियात चाळिशीच्या पुढं निघते. रुई विकली जाते किलोला दीडशेच्या वर, सरकी पस्तीसच्या आसपास. म्हणजे शेतकऱ्यानं आणलेल्या शंभर किलोत किमतीचा माल कोणता आणि किती, हे उताऱ्यावर ठरतं. आणि शेतकऱ्याला भाव मिळतो कशावर? वजनावर. हमीभावसुद्धा धाग्याच्या लांबीवर आणि जाडी-पक्वतेवर आहे, उताऱ्यावर नाही. उसाला काट्यावरच्या वजनाबरोबर साखर मोजणारं सरकार कापसाला फक्त वजन मोजतं.

सेलूच्या एका जिनिंगमधली गोष्ट. डिसेंबरचा महिना, सकाळ, दोन ट्रॉल्या शेजारी उभ्या. दोन्ही एकाच दिवशी, एकाच भावात घेतलेल्या. एकीतला कापूस फुगीर, बोंड मोठं, बघायला देखणं. दुसरीतला बारीक, जरा बसका. त्या ट्रॉलीवाल्याचं तोंडही बसकंच होतं. त्यांच्याकडं एक छोटं सॅम्पल जिन पडून होतं. काहीतरी करायचं म्हणून मी दोन्हीकडनं एकेक किलो काढला आणि फिरवून घेतला. देखण्या कापसातनं ३३० ग्रॅम रुई आली. बसक्यातनं ३७०. जिनवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि नुसता हसला. त्याला ते आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते त्या ट्रॉलीवाल्याला, आणि कुणी त्याला सांगितलंही नाही. मीही नाही. आमच्या गिरणीच्या सोयीचं तेच होतं.

आता सोपा हिशेब मांडतो. खंडी म्हणजे ३५६ किलो. खंडीला ५५ हजार धरले तर रुई किलोला १५५ रुपये पडते. ३४ च्या जागी ३६ किलो रुई निघाली तर क्विंटलमागं ३१० रुपये जादा. तेवढीच दोन किलो सरकी कमी, तिचे ७० वजा. राहिले २४०. हे २४० रुपये आज जिनवाल्याच्या खिशात जातात, किंवा चांगल्या-वाईटाची सरासरी होऊन कुणाच्याच हिशेबात दिसत नाहीत. शेतकऱ्याकडं मात्र ते जात नाहीत, हे नक्की.

२४० रुपये म्हणजे काय मोठं, असं वाटेल. मानवतजवळच्या एका शेतकऱ्यानं मला एकराचा हिशेब सांगितला होता, मी तो सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतला होता. (सिगारेट सुटली, पाकीट आहे.) यंदाच्या भावानं तोच हिशेब त्याच्याकडून फोनवर परत मांडून घेतला. नांगरट-वखरणी ४,०००. बियाण्याची दोन पाकिटं १,८००. खत ५,५००. फवारण्या ४,०००. निंदणी-खुरपणी ५,०००. वेचणी किलोला बारा रुपये, पाच क्विंटलचे ६,०००. वाहतूक, हमाली १,२००. बेरीज २७,५००. कापूस गेला ६,९०० नं, पाच क्विंटलचे आले ३४,५००. हातात सात हजार. त्यात घरच्या दोन माणसांची मजुरी धरलेली नाही, कर्जाचं व्याज धरलेलं नाही, आणि कोरडवाहू रान आठ महिने अडकून होतं ते वेगळंच. सात हजारात क्विंटलमागं २४० प्रमाणे बाराशे मिळवा, मग सांगा मोठे की छोटे.

माझ्या उसाचा हिशेब मी त्याला सांगितला नाही. एकरी चाळीस टन म्हटलं तरी आकडा ऐकून त्यानं फोन ठेवला असता. राधानगरीचं पाणी त्याच्याकडं नाही, यात त्याचा काय दोष?

वजनावर दर देण्याचा परिणाम नुसता त्याच्या खिशावर होत नाही, बियाण्यावरही होतो. भाव वजनाला म्हटल्यावर शेतकरी मोठ्या बोंडाचं वाण मागतो. मोठं बोंड वेचायला हलकं, सरकी भारी, वजन लवकर भरतं. बियाणेवाला तेच विकतो. बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं बियाणं, आल्यापासून, म्हणजे २००२ नंतर, दुकानात शेकडो नावांची पाकिटं आली, पण उतारा छापलेलं पाकीट बघून ते निवडणारा शेतकरी मला एकही भेटला नाही. आणि का निवडावं त्यानं? सुरुवातीची काही वर्षं बोंडअळी आटोक्यात राहिली, उत्पादन वाढलं. मग गुलाबी बोंडअळीला त्या बीटीची सवय झाली, २०१७ ला तिनं विदर्भ-मराठवाडा धुऊन काढला, आणि फवारणी करता करता यवतमाळात माणसं मेली. देशातलं कापसाचं उत्पादन २०१३-१४ ला ३९८ लाख गाठी होतं. २०२४-२५ ला ते तीनशे लाखांच्या आत आलं. त्याच हंगामात आयात आदल्या वर्षाच्या दुपटीवर गेली. आपली हेक्टरी सरासरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास घुटमळते, महाराष्ट्राची त्याहून खाली.

या आकड्यांकडं मी तुमच्या खुर्चीत बसून बघतो तेव्हा मला पहिली काळजी शेतकऱ्याची वाटत नाही, खरं सांगतो. गिरणीची वाटते. पाच क्विंटलवर सात हजार हातात पडणारा माणूस पुढच्या वर्षी सोयाबीन पेरतो, नाहीतर तूर. तो निघून गेला की तुमच्या चात्या कशावर फिरणार? ब्राझीलच्या कापसावर? तोही चालेल म्हणा, पण मग बंदराजवळची गिरणी तुमच्यापेक्षा स्वस्तात सूत काढेल. आणि देशी कापसावर राहायचं म्हटलं तर अमरावतीला केंद्राचं पीएम मित्र पार्क, म्हणजे कापड उद्योगाची मोठी वसाहत, येतंय, राज्याचं २०२३-२८ चं वस्त्रोद्योग धोरण म्हणतंय की पिकणाऱ्या कापसापैकी राज्यात प्रक्रिया होण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ८० वर न्यायचं, आणि जिथं पिकतो तिथं जास्त सवलत द्यायची. म्हणजे उद्या परभणीचा कापूस परभणीतच कातला जाईल. जावाच. मग पाचशे किलोमीटरवरनं गाठी आणणारे आपण कोण, असा प्रश्न विचारायला मंत्रालयातला कुठलाही अवर सचिव पुरेसा आहे. तुमच्याकडं उत्तर आहे का?

माझ्याकडं एक आहे. ते कोल्हापूरचंच आहे, म्हणून हे पत्र.

आपल्याला पीक उभं असताना माणसाशी व्यवहार करायची सवय आहे. नोंद, तोड, काटा, पहिली उचल, हंगामानंतरचा दुसरा हप्ता. शिव्या खात, मोर्चे झेलत, पण हे आपण चालवलं. सूतगिरणी सहकारी आहे म्हणतो, पण तिच्या सहकारात कापूसवाला कधी आलाच नाही. ५ टक्के सभासदांचे, ४५ सरकारचे, ५० कर्जाचे, अशा भांडवलातनं गिरण्या उभ्या राहिल्या. ते ५ टक्के भाग भरले आपल्या गावातल्या ऊसवाल्यांनी. मीही एक घेतला होता, पासबुकाच्या पिशवीत असेल कुठंतरी. कापूस पिकवणाऱ्याचा त्यात एक पैसा नाही आणि एक मत नाही. तो आपल्याला फक्त गाठीवरच्या शिक्क्यातनं भेटतो.

तर एवढं करून बघा. एका गिरणीनं, फक्त एकाच, एका हंगामात पाचशे गाठींचा करार करावा. पाचशे गाठी म्हणजे ८५ टन रुई, ३४ च्या उताऱ्यानं अडीच हजार क्विंटल कापूस, म्हणजे एकरी पाच क्विंटलनं पाचशे एकर. पंचवीस हजार चात्यांच्या गिरणीला हा आठवडाभराचा खुराक. बुडालं तरी गिरणी बुडणार नाही. शंभर गाठींचे पाच लॉट, पाच गाड्या.

पेरणीआधी एका गावातल्या किंवा लागून असलेल्या दोन गावांतल्या गटाशी बोलायचं. 'एक गाव एक वाण' ही कृषी खात्याची योजना आहेच, तिथले गट तयार असतात. सगळ्यांनी एकच वाण लावायचं, उतारा बघून निवडलेलं. कापूस विकायचा नाही, जिनिंगवाल्याला भाडं देऊन तो काढून घ्यायचा. रुई आणि सरकी, दोन्ही गटाचीच राहिली. रुईच्या गाठी गिरणीला. त्या दिवशीच्या खंडीच्या बाजारभावानं हिशेब, पण हमीभावाच्या खाली नाही. ऐंशी टक्के उचल गाठी निघताना, बाकी मार्चअखेर, दुसरा हप्ता म्हणून.

लगेच एक शंका येईल, ती मीच काढतो. उसाचा उतारा कारखान्याचा सरासरी असतो, एकेका शेतकऱ्याचा नाही. बरोबर. इथंही गटाचा सरासरीच धरा. पाचशे एकर, एक वाण, एक उतारा. एखाद्याचा कापूस कवडीचा (किडका, नीट न उमललेला), एखाद्याचा फरदडीचा (हंगाम संपल्यावर राखलेल्या पिकाचा), हे गट आपलं आपण बघेल. गावात कुणी कुठल्या पोत्याला पाणी मारलं, हे सिलेक्टरपेक्षा शेजाऱ्याला जास्त कळतं.

दुसरी शंका, बाजार चढला तर तो कापूस व्यापाऱ्याला देईल. देईल की. आपण ऊस पळवत नाही काय? दोन रुपये जादा दिसले की दुसऱ्या कारखान्याच्या टोळीला रात्रीत वाट करून देणारी माणसं आपण. पण दर बाजाराशी बांधलेला असला आणि दुसरा हप्ता अडकलेला असला तर पळवापळवी कमी होते. हेही आपण बघितलंय.

तिसरी अडचण खरी आहे, पैशाची. कापूस येतो ऑक्टोबर ते मार्च, आणि तेव्हा तुमच्याकडं खेळतं भांडवल नसतं. कॅश क्रेडिट सप्टेंबरलाच संपलेलं. म्हणून तुम्ही पंधरा दिवसांपुरता माल घेत घेत मे-जूनपर्यंत येता, आणि तेव्हा गाठ असते व्यापाऱ्याच्या नाहीतर सीसीआयच्या गोदामात, भावात वर गेलेली. शेतकऱ्यानं नोव्हेंबरला विकलं, तुम्ही जूनला घेतलं, मधले सहा महिने तिसऱ्यानं खाल्ले. तुम्ही दिल्लीला जाऊन शुल्क मागता, त्याऐवजी जिल्हा बँकेत जाऊन या पाचशे गाठींच्या तारणावर हंगामी कर्ज मागा. साखर पोत्यावर उचल मिळते, तशी गाठीवर का मिळू नये? हे मी बँकेच्या एका साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, कुणी मागितलीच नाही.

आणखी एक गोष्ट, ती माझ्या खात्याची. प्लास्टिकचा धागा. शेतकरी कापूस वेचतो तो खताच्या रिकाम्या पोत्यात. पोत्याची कड उसवते, पांढरा-पिवळा धागा कापसात मिसळतो. जिनिंगमध्ये त्याचे तुकडे होतात, गिरणीत त्याचे तंतू होतात, सुतात तो दिसतही नाही. कापड रंगवलं की दिसतो, कारण तो रंग घेत नाही. निळ्या शर्टावर केसाएवढी पांढरी रेघ. आमच्या गिरणीत बायका बसून रुईतनं हे धागे वेचायच्या. दिवसभर. एकदा एकीनं दिवसभरात वेचलेला ढीग माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाली, साहेब, तुमचा सिलेक्ट कापूस. त्यात सुतळी होती, केस होते, गुटख्याची पुडी होती. एक लाल काचेची बांगडी होती, अर्धी.

हा ढीग यार्डातच थांबला असता, जर सुती पोत्यात वेचायचे क्विंटलमागं पन्नास रुपये कुणी दिले असते. सुती पोतं कुठं मिळतं? इचलकरंजीत. गिरणीच्या दारात माग आहेत, आणि शेतकरी खताचं पोतं वापरतो. एकतीस वर्षांत मी घाण कापसाला हजारदा कट लावला, स्वच्छ कापसाला एकदाही वाढ दिली नाही. तसा अधिकारच नव्हता, आणि मी तो मागितलाही नाही. हे माझं मला लागून राहिलंय.

इचलकरंजीचा विषय निघालाच आहे तर खर्चीवाल्याबद्दल एक वाक्य. दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणणारा तो माणूस सुताच्या भावातल्या प्रत्येक हिसक्यानं हेलपाटतो. सुताचं बाचकं महागलं की व्यापारी मागावर चढवायचं सुताचं बीम देत नाही, माग थांबतो. त्याला स्वस्त सुतापेक्षा स्थिर सूत हवंय. पॉलिस्टरकडं वळलेले माग काही कापसावर रुसून गेले नाहीत, पुढच्या महिन्याचा भाव सांगता येईना म्हणून गेले.

आता म्हशींचं. गटाकडं रुई गेल्यावर सरकी राहते. अडीच हजार क्विंटल कापसाची सोळाशे क्विंटलच्या आसपास. ती तिथला तेल गाळणारा घेईल, आणि पेंड फिरून फिरून आपल्याच जिल्ह्यात येईल, कारण दुधाला चरबी हवी म्हणून सरकी पेंड घालणारी म्हैस इथं आहे. माझ्या गोठ्यात रोज सकाळी पेंडीची बादली जाते. पेंडीचा भाव वाढला की मी करवादतो, आणि करवादताना मला माहीत असतं की पेंड महागली म्हणजे कापसाला थोडा उठाव आलाय. दूध संघांचे पशुखाद्याचे कारखाने आपले, गिरण्या आपल्या, दोन्हीकडचे संचालक एकाच लग्नात एका पंगतीला बसतात. एकानं रुई घ्यावी, दुसऱ्यानं पेंड. एकाच गाडीभाड्याची भाषा होईल. हे मंत्रालयाला सांगून होणार नाही, पंगतीतच होईल.

शाहू महाराजांनी १९०६ साली मिल काढली आणि दोनच वर्षांत राधानगरीच्या धरणाचं काम हाती घेतलं. धरणानं ऊस आणला, आणि मिल २००३ ला बंद पडली. तिच्या भोंग्यावर आमच्या घरची घड्याळं लागायची. आता तिथनं जाताना मी रिक्षातनं बाहेर बघत नाही. तुमच्या गिरण्यांचं तसं होऊ नये एवढ्याचसाठी हा उपद्व्याप, दुसरा स्वार्थ नाही. पासबुकातला तो एक भाग सोडला तर.

तुमच्यापैकी कुणी तयार असेल तर मार्च-एप्रिलमध्ये मानवतला जाऊन यावं लागेल, मृगाच्या आधी वाण ठरलं पाहिजे. मी येतो. भत्ता नको, परतीचं तिकीट काढा. आणि येताना एकतरी संचालक बरोबर घ्या, नुसता खरेदी अधिकारी नको. तिथल्या माणसानं आपल्याकडचा संचालक अजून बघितलेला नाही.

कळावे, लोभ आहेच,

एक निवृत्त कापूस सिलेक्टर
हातकणंगले

ता. क. सॅम्पल जिन विकत घ्यायची गरज नाही. आमच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलाखाली, हिरव्या ताडपत्रीत गुंडाळलेलं एक आहे. पट्टा बदलावा लागेल. बाकी चालू असेल, मी निवृत्तीच्या दिवशी तेल घालून ठेवलं होतं.